तिनं सांगितलं होतं

द्वारकाबाई गेल्याचं पिंपळीत कळलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. बारामतीच्या दवाखान्यात ते त्याआधी अर्धा तास कळलं होतं. नाडी बघण्यासाठी डॉक्टरांना आधी तिच्या हातातला पायमोजा काढावा लागला. भेंडी तोडताना हात खाजतात, म्हणून ती मुलाचे जुने मोजे हातांत घालायची. डॉक्टरांनी मोजा काढला, नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मोजा तसाच हातात धरून ते म्हणाले, "इथं आणण्याआधीच गेल्यात. काल-परवा काही त्रास होत होता का? छातीत दुखणं, हातात कळ?"

"न्हाय हो डॉक्टर," मुलगा अविराज रडत म्हणाला. "आई कधी काय बोलायचीच न्हाय. समदं अंगावर काढायची."

डॉक्टरांनी हिंदुरावांकडं पाहिलं. हिंदुराव तिचा नवरा. अडतीस वर्षांचा संसार. ते अनवाणीच दाराशी उभे होते आणि त्यांच्या घोट्यापर्यंत भेंडीच्या रानातला चिखल वाळला होता. त्यांनी मुलाच्या बोलण्याला होकाराची मान हलवली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

दुपारी इंदापूरहून द्वारकाबाईची आई आली. धोंडाबाई. वय पंचाऐंशी. दोघींनी धरून तिला जीपमधून उतरवलं. तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग अंगणातल्या एवढ्या माणसांत तिनं जावयाला शोधून काढलं.

"जावईबापू, माजी द्वारका काय बोलली का ओ तुमाला? काय दुकतंय म्हणली का?"

शेजारची ठमाबाई मध्येच म्हणाली, "कशाची बोलतीया आजी! कळ निघाली तरी हूं म्हणून केलं न्हाय तिनं."

म्हातारी तरीही जावयाकडंच बघत राहिली. हिंदुरावांनी ठमाबाईच्या बोलण्यावर पुन्हा तशीच होकाराची मान हलवली.

धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. "सोशीक माजी पोर," ती म्हणाली. "लेकीनं नाव राखलं."

एवढंच घडलं. दोनदा मान हलली. तोंडातून एक शब्दही गेला नाही.

पण द्वारकाबाई बोलली होती. एकदा नाही, तीनदा बोलली होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी चुलीपुढं ती म्हणाली, "आवं, छातीत गच्च वाटतंय. डाव्या हातात कळ येतीया." हिंदुराव चहा पीत होते. ते म्हणाले, "पित्त असंल. ओवा खा."

जेवायला बसल्यावर तिनं भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. "दवाखान्यात जाऊन यावं का?" हिंदुराव म्हणाले, "उद्या तोडा हाय. तोडा झाला की जाऊ." भेंडीचा तोडा एक दिवस चुकला तर भेंडी निबर होते, हे तिलाही ठाऊक होतं. 

सकाळी रानात अर्धं क्रेट भरल्यावर ती उभी राहिली. मोजा घातलेला हात छातीवर ठेवला आणि म्हणाली, "बसू का जरा?"

आपल्याच रानात, आपल्याच बांधावर बसायला तिनं विचारलं. हिंदुराव पुढच्या सरीत होते. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "सिद्धूचा टेम्पो यायची येळ झाली," ते म्हणाले. सिद्धू रोज पिंपळीचा माल बारामतीच्या मार्केट यार्डात नेतो. द्वारकाबाई पुन्हा वाकली. पुढं दहा-बारा भेंड्या तोडल्या असतील. क्रेट पडल्याचा आवाज आला तेव्हा हिंदुरावांनी मागं पाहिलं.

दहाव्याला कालव्याच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर चार-पाच कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. माणसं हात जोडून पुढं येऊ लागली. अविराज म्हणाला, "आई, आबांकडं आमी बघू, तू काळजी करू नगं." कावळा आला नाही. सून रेश्मा म्हणाली, "आत्या, तुमच्या गाईला मी वैरण कमी पडू देणार न्हाय." कावळा आला नाही. कुणी म्हणालं, नातवाचं लग्न बघायचं राहिलं असेल. कुणी म्हणालं, तीर्थाला जायचं राहिलं असेल. सगळे आपापल्या परीनं तिची इच्छा शोधत होते. हिंदुराव गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. तिला काय हवं होतं ते त्यांना एकट्याला माहीत होतं. तिला बसायचं होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

मग भाषणं झाली. आपल्याकडं दहाव्याला माइक लागतो आणि गेलेल्या माणसाबद्दल चार लोक बोलतात. तालुक्याचे एक पुढारी उभे राहिले. त्यांनी द्वारकाबाईला कधी पाहिलंही नव्हतं. ते म्हणाले, "या मातेनं दुखणं अंगावर काढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही! आजच्या सुनांनी हा आदर्श डोळ्यांपुढं ठेवावा!"

बायकांच्या बाजूला माना हलल्या.  उठून माइक घ्यावा असं हिंदुरावांना वाटलं होतं का? वाटलं असावं. पण ते उठले नाहीत.

त्यानंतर तो आवाज त्यांच्या मागं लागला.

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, भेंडीच्या सरीत ते वाकले की मागून ऐकू यायचं, "बसू का जरा?" ते वळून बघायचे. मागं झाडं असायची, आणि दवाखान्यातून आणल्यावर धुऊन कुंपणाच्या तारेवर वाळत टाकलेले दोन मोजे. ते मोजे कुणी काढले नव्हते. ते अर्धं क्रेटही हिंदुरावांनी सिद्धूला दिलं नव्हतं. गोठ्याच्या कोपऱ्यात ते तसंच राहिलं, भेंड्या काळ्या पडल्या, वाळल्या, पार काटक्या झाल्या. रेश्मा म्हणाली, "मामा, टाकून देऊ का?" ते म्हणाले, "राहू दे."

महिन्यानं ते सासूला भेटायला इंदापूरला निघाले. एसटीत खिडकीजवळ बसले होते. भिगवणला एक अनोळखी बाई चढली, हातात पिशवी होती. शेजारची जागा रिकामी बघून ती म्हणाली, "दादा, बसू का जरा?"

हिंदुराव ताडकन उभे राहिले. "बसा. बसा. तुमी बसा," म्हणत ते बाजूला झाले आणि दांडीला धरून इंदापूरपर्यंत उभेच राहिले. शेजारची जागा रिकामी, ती बाई खिडकीत आणि हा माणूस उभा. कंडक्टर म्हणाला, "आबा, तिकीट बसायचंच फाडलंय मी." लोक हसले. हिंदुराव बसले नाहीत.

इंदापूरला धोंडाबाईनं त्यांना जेवू घातलं. ती म्हणाली, "माजी द्वारका लई सोशीक." हिंदुरावांनी खाली मान घालून जेवण केलं आणि ते परत आले.

असे अकरा महिने गेले.

वर्षश्राद्ध जवळ आलं. अविराजनं ठरवलं की आईचं पहिलं पुण्यस्मरण मोठं करायचं. प्रवचन ठेवायचं, गावजेवण घालायचं, आणि फाट्यावर तिचा मोठा फलक लावायचा. फलकावरचा मजकूर त्यानंच लिहिला. "आबा, बाईंकडनं तपासून आणा," तो म्हणाला. बाई म्हणजे सिंधुबाई, गावच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. लग्नपत्रिका असो की निवेदन, पिंपळीतला कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नाही.

सिंधुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. चष्मा लावून त्यांनी कागद वाचला. एक वेलांटी दुरुस्त केली. मग शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'दुखणं अंगावर काढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.'

"ही ओळ कुणी घातली?"

"अविराजनं. त्या सायबांचं भाषण त्याला लई आवडलं हुतं."

"हिंदुराव, ही ओळ काढा."

"का? शुद्धलेखन चुकलं का?"

"शुद्धलेखन बरोबर आहे." त्यांनी चष्मा काढला. "जाण्याच्या आदल्या संध्याकाळी द्वारका माझ्याकडं आली होती. छातीला चोळायला बाम मागत होती. मी म्हटलं, हे बामाचं दुखणं नाही, दवाखान्यात जा. ती म्हणाली, 'ह्यांच्या कानावर घातलंय. घरी जाऊन परत विचारते.' विचारलं का तिनं?"

हिंदुराव उभे होते ते ओट्याच्या कडेवर बसले. 

"इचारलं," ते म्हणाले. "उद्या जाऊ म्हणालो."

"मग ही ओळ कशी छापायची?"

"पण बाई, मी खोटं कुटं बोललो? माज्या तोंडातून शब्द गेला न्हाय. डॉक्टरला अविराजनं सांगितलं, सासूला ठमाबाईनं सांगितलं, लोकांना सायबांनी सांगितलं. मी नुसती मान हलवली. ह्याला काय कुणी लबाडी म्हणल का?"

"लबाडी नाही म्हणणार. त्याला वेगळा शब्द आहे. अपलाप."

"काय?"

"अपलाप. सत्याचा अपलाप, असं पुस्तकात, कोर्टाच्या कागदात लिहितात. बोलण्यात कुणी वापरत नाही, म्हणून तुम्ही ऐकला नसेल. जे घडलं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी ते घडलंच नाही असं करून टाकायचं. असं बघा. उन्हाळ्यात शेजाऱ्यानं त्याच्या विहिरीचं पाणी दिलं आणि आपला ऊस वाचला. चारचौघांत कुणी विचारलं तर आपण म्हणतो, यंदा वळीव बरा झाला. वळीव झाला होता, खोटं काहीच नाही. पण शेजाऱ्याचं पाणी आपण पुसून टाकलं. हा अपलाप. त्याला तोंड उघडावं लागत नाही. मान हलवली तरी होतो. गप्प बसलं तरी होतो."

हिंदुरावांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. अकरा महिने छातीवर जे बसलं होतं त्याला नाव असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"द्वारका तीन शब्द बोलली असेल नाहीतर चार," सिंधुबाई म्हणाल्या. "पण ते तिचे होते. जाताना तिच्याकडं तेवढेच होते. ते तुम्ही पुसले."

हिंदुरावांना राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा राग. "आन् तुमी? तुमाला म्हाईत हुतं तर दहाव्याला तुमी का न्हाय उठला? तुमीबी मान हलवलीच की!"

सिंधुबाईंचा चेहरा उतरला. तांदळाचं सूप त्यांनी बाजूला ठेवलं. "हलवली," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली. मग दिवस गेले. मग वाटलं, आता कशाला. मी पोरांना तीस वर्षं शब्दांचे अर्थ शिकवले, आणि हा शब्द मी स्वतःच करून बसले. म्हणून तर म्हणते, ओळ काढा."

"गेलेल्या बाईची बदनामी करू म्हणता?"

"तिची कसली बदनामी? तिनं वेळेवर सांगितलं होतं. बदनामी कुणाची व्हायची ते तुम्हाला कळतंय."

हिंदुरावांनी कागदाची घडी केली आणि ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी बारामतीच्या फलक छापणाऱ्या दुकानात त्यांनी तो कागद दिला. ओळ काढली नाही.

फाट्यावर फलक लागला. दहा फूट उंच. द्वारकाबाईचा फोटो अविराजच्या लग्नातला, डोक्यावर पदर, नाकात नथ. खाली मोठ्या अक्षरांत ती ओळ. येणारे-जाणारे वाचायचे. सिद्धू टेम्पो थांबवून म्हणाला, "तात्या, काकींचा फोटू झकास आलाय. आमच्या हिला आणून दाखवतो. तिला शिंक आली तरी सलाईन लागतंय." हिंदुराव हसले नाहीत.

फलकातली द्वारकाबाई कुठूनही पाहिलं तरी बघणाऱ्याकडंच बघत होती. गोठ्याकडं जाताना बघायची, रानातून येताना बघायची. हिंदुराव बांधाबांधानं लांबून जाऊ लागले.

पुण्यस्मरणाला चार दिवस होते. सकाळचा तोडा चालू होता. अविराज कारखान्यावर कामाला गेला होता. रानात हिंदुराव आणि रेश्मा दोघंच होती. ते पुढच्या सरीत, ती मागच्या. नेहमीसारखं.

मागचा पाल्याचा आवाज थांबला.

 आता ऐकू येणार. हिंदुरावांनी कान टवकारले. पण कुणी काही बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, दातांतून ओढल्यासारखा.

त्यांनी मागं वळून पाहिलं.

रेश्मा अर्ध्या भरलेल्या क्रेटवर ओणवी झाली होती. एक हात पोटावर दाबलेला. हातात ते मोजे होते. तारेवरचे. चेहरा घामानं भिजला होता आणि ओठ पांढरे पडले होते. सासरा बघतोय हे दिसल्यावर ती झटकन सरळ झाली आणि भेंडीला हात घालू लागली.

"काय झालं गं?"

"काय न्हाय मामा."

"पोटात दुकतंय?"

"न्हाय. जरा पाठ भरून आली."

"रेश्मा, खरं सांग. कधीपासनं दुकतंय?"

 ती खालमानेनं म्हणाली, "परवापासनं. पण थांबंल. तोडा झाला की पडते जरा."

"अविराजला सांगितलंस का?"

"कशाला? घरात कार्य हाय. आन् आत्या कधी बोलल्या का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण बोलण्यात अभिमान होता. "समदा गाव म्हणतोय, द्वारकाबाईची सून हाय. फाट्यावर एवढं मोठं लिवलंय. आत्यांनी हितं मरणाची कळ सोसली आन् शब्द काढला न्हाय. मी एवढ्याशा पोटासाठी रडू का?"

अरे देवा! काय करून बसलो आपण! हिंदुरावांना वाटलं, भोवतालची सगळी भेंडी गरगर फिरतेय. एक मान हलवली होती आपण, आणि ती मान दवाखान्यातून अंगणात आली, अंगणातून माइकवर गेली, माइकवरून फाट्यावर चढली आणि तिथून उतरून आता या पोरीच्या पोटात दुखत होती!

"बस," ते म्हणाले.

"अवो पण सिद्धूदादाचा टेम्पो..."

"बस म्हणतो ना! बस हितं! टेम्पो गेला खड्ड्यात!" ते ओरडले. आयुष्यात ते सुनेवर कधी ओरडले नव्हते. मग त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल बांधावर अंथरला, तिला धरून बसवलं आणि ते रस्त्याकडं पळत सुटले. टेम्पो यायची वेळ झालीच होती. सिद्धूनं मागची सगळी क्रेटं रस्त्याच्या कडेला उतरवली आणि त्याच टेम्पोतून रेश्मा बारामतीला गेली.

दवाखाना तोच. दार तेच. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि वर बघून विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

रेश्मा म्हणू लागली, "आजच..."

"परवापासनं," हिंदुराव मोठ्यानं म्हणाले. "परवापासनं दुकतंय डॉक्टर. ती बोलली न्हाय. आमच्यामुळं बोलली न्हाय."

अपेंडिक्स होतं. दुपारीच ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आणखी एक दिवस काढला असता तर पोटात फुटलं असतं. मग सांगता आलं नसतं."

पुण्यस्मरणाच्या दिवशी मांडव भरला होता. रेश्मा अजून दवाखान्यात होती, तिची आई तिच्याजवळ होती. धोंडाबाई आली नव्हती. तिचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि ती इंदापूरला खाटेवर होती. प्रवचन झालं. मग तेच पुढारी उभे राहिले. आता त्यांना वाक्य पाठच होतं. "या मातेनं दुखणं अंगावर काढलं..."

"थांबा सायेब."

हिंदुराव उठले होते. त्यांनी माइक मागितला नाही, सरळ पुढं जाऊन हातातून घेतला. त्यांना भाषण करता येत नव्हतं. पहिल्यांदा माइक तोंडाला लागला आणि नुसता खरखर आवाज आला.

"तिनं सांगितलं हुतं," ते म्हणाले.

मांडवात कुणाला काही कळलं नाही.

"माज्या बायकूनं सांगितलं हुतं! ती गप्प न्हवती. आदल्या दिशी सांजच्याला म्हणाली, छातीत गच्च वाटतंय. मी म्हणालो, ओवा खा. जेवताना म्हणाली, दवाखान्यात जाऊ का. मी म्हणालो, तोडा झाल्यावर. सकाळी रानात म्हणाली, बसू का जरा. मी म्हणालो, टेम्पो यायचाय. तीन डाव बोलली ती. मी ऐकलं. ह्या कानांनी ऐकलं. आन् नंतर डॉक्टर, तिची आई, तुमी समदे इचारत हुता, तवा मी मान हलवली. ती सोशीक न्हवती लोकहो, ती आजारी हुती! ह्याला अपलाप म्हणत्यात. मला ह्यो शब्द आत्ताआत्ता कळला. केला मातुर वरीसभर. तो फलक बघून माजी सून मरता मरता वाचली. तो फलक आजच्या आज उतरवा."

ते खाली बसले नाहीत, तिथंच उभे राहिले, जणू कुणीतरी शिक्षा सांगेल म्हणून.  मागच्या रांगेतून सिंधुबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मलाही ठाऊक होतं. मीही गप्प बसले."

अविराज खुर्ची मागं सारून उठला आणि बापाकडं न बघता मांडवाबाहेर निघून गेला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं ठमाबाईचा आवाज आला. पुरुषांत बसलेल्या नवऱ्याला उद्देशून ती म्हणत होती, "ऐकलं का ओ? माज्या पोटाच्या गाठीचं मी दोन महिनं सांगतीया तुमाला."

"आता हितं कशाला काढतीस ते?" नवरा कुजबुजला.

"मग कुटं काढू? घरी सांगितलं की तुमी टीव्हीचा आवाज वाढवता."

कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच विरलं. कारण मांडवातल्या पुष्कळ पुरुषांना त्याच वेळी आपापल्या घरातलं काहीतरी आठवलं होतं. सोमवारी सिद्धूच्या टेम्पोत भेंडीच्या क्रेटांपुढं ठमाबाई बसलेली दिसली, आणि शेजारी तिचा नवरा, कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन.

अविराज नऊ दिवस बापाशी बोलला नाही. घरात ताट वाढलं जायचं, पण हाक नसायची. दहाव्या दिवशी सकाळी तो रानात आला. त्याच्या हातात प्लॅस्टिकचं एक स्टूल होतं. ते त्यानं बांधावर, आई पडली होती त्या जागेजवळ ठेवलं.

"रेश्मा कामाला यायला लागली की लागंल," तो म्हणाला. मग भेंडीच्या झाडाकडं बघत म्हणाला, "आबा, डॉक्टरसमोर पहिल्यांदा मीच बोललो हुतो. आई काय बोलत न्हाय म्हणून. मला तरी कुटं म्हाईत हुतं? आठ-आठ दिस मी तिला कसं हायेस म्हणून इचारत न्हवतो. तुमी मान हलवली, पण तोंड माजं हुतं."

हिंदुरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघांनी मिळून गोठ्यातलं ते क्रेट उकिरड्यावर रिकामं केलं आणि धुऊन ठेवलं. फलक त्याआधीच उतरला होता.

वाचकहो, आपल्या घरोघरी असे फलक आहेत. कापडावर छापलेले नसतील, पण तोंडी आहेत. माझी आई कधी कुरकुरली नाही. आमची वहिनी दुखणं दाखवत नाही. आपण हे कौतुकानं सांगतो. एकदा स्वतःला विचारून बघा, ती खरंच बोलली नव्हती, की बोलली होती आणि आपल्याला तोडा उरकायचा होता? चोरी, लबाडी, फसवणूक हे शब्द आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत आणि आपण त्यांना भितो. अपलाप हा शब्द माहीत नसतो, म्हणून तो आपण सहज करतो. ज्या बाईनं दुखतंय म्हणून सांगितलं, तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि नेलं नसेल, वेळ निघून गेली असेल, तर निदान तिच्या गप्प बसण्याचं कौतुक करू नका. त्या कौतुकापायी दुसरी बाई गप्प बसते.

दुपारी रानात हिंदुरावांना अजून तो आवाज येतो. आता ते मागं वळून "बस" म्हणतात. आवाज थांबत नाही.

मांडवात जे सांगितलं ते गावानं ऐकलं, मुलानं ऐकलं, सुनेला दवाखान्यात कळलं. त्यानंतर हिंदुराव दोन वेळा इंदापूरला जाऊन आले. धोंडाबाई खाटेवर आहे, तिला कमी ऐकू येतं, आणि तिच्याजवळ कुणी काही बोललेलं नाही. दोन्ही वेळा तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "सोशीक माजी पोर." दोन्ही वेळा ते चहा पिऊन परत आले.

तिच्या आईला सांगायचं अजून राहिलं आहे.